नव्या बुटांचा पेशंट

सरांच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, आपला पत्ता चुकला आणि आपण भंगाराच्या दुकानात आलो. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला एस.टी.च्या दरवाजाच्या पायऱ्या, लाल रंगासकट, धरायच्या दांड्यासकट. मोडीत निघालेल्या गाडीतून सरांनी त्या कापून आणल्या होत्या. पलीकडे लाकडी चौथऱ्यात बसवलेलं देशी संडासाचं भांडं, कोरडं ठणठणीत. त्याच्या शेजारी पाट, पाटाशेजारी चूल, चुलीशेजारी काळी-पिवळी जीपचं मागचं फळकूट. एका औषध कंपनीचा माणूस पहिल्याच भेटीत त्या भांड्यावर आपली बॅग ठेवून बसला होता म्हणे, आणि ते काय आहे हे कळल्यावर परत कधी आला नाही.

या सगळ्यातून वाट काढत गेलं की टेबल, आणि टेबलामागे सर. बुटके, सफारीतले, भुवया अशा की त्यांना वेगळा कंगवा लागावा. गळ्यात स्टेथोस्कोपच्या जागी शिंप्याची टेप. त्या टेपनं ते दिसेल ते मोजायचे: पलंगाची उंची, उंबऱ्याची उंची, चहाच्या टपरीवरच्या बाकड्याची उंची. एकदा डीनच्या केबिनमध्ये मीटिंग चालू असताना त्यांनी डीनचीच खुर्ची मोजली आणि सांगितलं, "दोन इंच उंच झाली. म्हणून तुमच्या पायाला मुंग्या येतेत." डीनच्या पायाला खरंच मुंग्या यायच्या, पण ते मान्य कोण करणार.

आमचा विषय पुनर्वसन. म्हणजे अपघातानं, लकव्यानं, कापलेल्या पायानं माणूस जिथं अडकला तिथून त्याला परत त्याच्या रोजच्या आयुष्यात नेऊन सोडायचं. खोलीतलं ते भंगार त्याच सरावासाठी. हे वाक्य मला आज येतं. तेव्हा मी फक्त एवढंच जाणून होते की मला हा विषय नको होता.

सरांनाही ते ठाऊक होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "कोणती ब्रांच पाह्यजे होती?"

"सर, मला याच विषयात…"

"खरं सांग. इथं हौसेनं कोणी येत नाय."

"ऑर्थोपेडिक्स," मी म्हटलं.

"म्हंजी हाडं. मार्क कमी पडले?"

"थोडे."

"सगळ्यांना थोडेच पडतेत." त्यांनी कपाट उघडलं. कपाटाच्या दाराला आतून एक लांबलचक कागद चिकटवलेला होता. त्यावर ओळीनं लिहिलेलं: रेडिओलॉजी, कातडी, रेडिओलॉजी, डोळे, मेडिसिन, परत रेडिओलॉजी. इथं येऊन गेलेल्या सगळ्या रेसिडेंटांची हुकलेली स्वप्नं. खाली सरांनी माझ्यासाठी लिहिलं, "हाडं." सगळ्यात वर, पुसट शाईत, एकच शब्द होता: "लेकरं."

"हे कोण, सर?"

"मी. मला लेकरांचा डॉक्टर व्हायचं व्हतं. पण लेकरं मला बघून रडायची." त्यांनी भुवया वर केल्या आणि मला त्या लेकरांची बाजू पटली.

तेव्हापासून मी 'हाडं' झाले. माझ्या बरोबरचा शोएब 'रेडिओलॉजी'. सर व्हरांड्यात उभे राहून "ए रेडिओलॉजी, संडास पुसला का?" असं ओरडले की पलीकडच्या इमारतीतले खरे रेडिओलॉजीवाले दचकून बाहेर यायचे.

घरी तर आनंदच होता. गंगापूरला आमच्या सगळ्या भावकीत मी पहिली डॉक्टर. आईनं शेजारणींना सांगून ठेवलं होतं, पोरगी हाडांची ऑपरेशनं करणार. माझा मामा जीप चालवतो, त्याला मी एकदा अर्धा तास बसून विषय समजावून सांगितला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी पाय चेपून देणारी डॉक्टर. आपला न्हावी बी देतो की, दाढीवर फुकट." त्यानंतर मी कुणाला समजावायच्या भानगडीत पडले नाही. सीट सोडण्याचा अर्ज भरून बॅगेत ठेवला. चौथ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत तो दिला की मोकळं, पुन्हा परीक्षा, पुन्हा हाडांचा प्रयत्न. शनिवार गेला की तीन वर्षं इथंच. अर्ज बॅगेत होता, रोज माझ्याबरोबर ओपीडीत यायचा आणि रोज परत जायचा. का देत नव्हते ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. आज देऊ, उद्या देऊ, चाललं होतं.

सरांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पेशंटला "काय होतंय?" असं विचारलेलं त्यांना खपायचं नाही. "काय राहिलं?" असं विचारायचं. म्हणजे हे दुखणं आल्यापासून तुझं काय करायचं राहून गेलं? मी एकदा वाळूजच्या एका कामगाराच्या केसपेपरवर मणक्याचं पानभर सुंदर निदान लिहिलं होतं. सरांनी लाल पेननं ते आडवं कापलं. "हे मणक्याचं झालं. माणसाचं काय?" मी जाऊन विचारलं. त्याला मोटारसायकलची किक मारता येत नव्हती, त्यामुळं रोज शेजाऱ्याला उठवायला लागायचं, आणि शेजाऱ्याशी त्याचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. सर खुश. "आता कळलं का, कशाचा इलाज करायचाय?" त्याला बटण-स्टार्ट गाडी घ्यायला सांगून आणि कंबरेचे दोन व्यायाम शिकवून आम्ही सोडला. शेजाऱ्यालाही बरं वाटलं असणार.

पुस्तकातली तयारी ही सरांच्या मते अर्धीच तयारी. एकदा त्यांनी माझा उजवा हात ओढणीनं कंबरेला बांधला आणि म्हणाले, "भाकरी कर." चूल खोलीत होतीच. एका हातानं पीठ मळता येतं, पण परात फिरते. परात पायानं धरली तर सर ओरडतात. शेवटी मी परातीखाली ओला टॉवेल घातला आणि परात थांबली. भाकरी मात्र अशी झाली की शोएबनं ती उलटसुलट करून विचारलं, "यात आपला जिल्हा कुठाय?" सरांनी तिचा तुकडा मोडून खाल्ला. चवीबद्दल बोलले नाहीत. ओल्या टॉवेलबद्दल मात्र आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते.

शोएबच्या पायाला प्लास्टरची पट्टी बांधून त्याला वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये पाठवलं होतं. काम एवढंच: चढायचं, उतरायचं, कुठं अडलं ते लिहून आणायचं. बसमध्ये त्याला चार जणांनी जागा दिली, एकानं डबा दिला, आणि एका काकांनी पाय कसा मोडला, घर कुठलं, पगार किती, असं विचारत विचारत आपल्या भाचीचा विषय काढला. शोएब परत आला तो तीन फोन नंबर घेऊन. अडचणींच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: "लोग बहुत अच्छे है."

पण सरांची खरी करामत म्हणजे त्यांची मंडळी.

ओपीडीत खऱ्या पेशंटांमध्ये सर अधूनमधून आपला एखादा माणूस घुसवायचे. नाटकी पेशंट. तो लंगडत यायचा, कण्हायचा, आम्ही त्याला तपासायचो, आणि संध्याकाळी तो सरांच्या खोलीत बसून, इमरती खात खात, आमच्या चुका सांगायचा. सरांचं म्हणणं, "खरा पेशंट सगळं सहन करतो, बोलत नाय. माझा माणूस बोलतो."

मंडळीतले मुख्य नट रफीकचाचा. सिटी चौकात त्यांचं शिलाईचं दुकान. विभागाचे पट्टे, गळ्यातल्या झोळ्या तेच शिवून द्यायचे, आणि सरांची टेपही त्यांचीच होती. पहिल्या महिन्यात ते माझ्यापुढे उजव्या हाताचा लकवा घेऊन आले. मी जीव ओतून तपासलं. बोटं उघडून दिली, बायकोला कसं मदतीला घ्यायचं ते सांगितलं, जाताना माझे डोळेही पाणावले. दुसऱ्या दिवशी ओढणीला काठ लावायला सिटी चौकात गेले, तर लकव्याचा हात कचाकचा कापड कापत होता. मला बघून चाचा थांबले नाहीत. कात्री चालवतच म्हणाले, "मॅडम, सब अच्छा किए आप. लेकिन मेरा नाम बी नै पूछे. सीधा हात पकड लिए."

मी इतकी चिडले की ओढणी तिथंच विसरून आले. मग मी आणि शोएबनं ठरवलं, यापुढं फसायचं नाही. आणि मी एक शोध लावला, ज्याचा मला आजही अभिमान आहे: चप्पल. जो माणूस खरा लंगडतो, त्याची एक चप्पल एका बाजूनं जास्त झिजते. नाटक करणाऱ्याच्या दोन्ही चपला सारख्या. पेशंट आत आला की मी गोड आवाजात म्हणायचे, "काका, चपला काढून बसा," आणि त्या उलट्या करून बघायचे. महिन्याभरात मंडळीतले तीन जण पकडले. त्यातल्या एका निवृत्त कंडक्टरनं तर हात जोडले, "मॅडम, नाटक खरं, पण तीस वर्षं उभ्यानं तिकिटं फाडली, पाय खरंच दुखतेत हो." त्यांनाही मग आम्ही तपासलं. सर म्हणाले, "चप्पल वाचायला शिकली व्हय? बरंय." त्यांच्या तोंडून 'बरंय' म्हणजे सुवर्णपदकच. मी फार शेफारले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि अशातच तपासणी आली.

विभागात रेसिडेंटच्या दोनच जागा. त्या ठेवायच्या की नाही हे ठरवायला बाहेरून एक मोठे साहेब येणार होते; नाव आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना विभाग पसंत पडला नाही तर जागा जाणार, आणि जागा गेल्या की हळूहळू विभागही जाणार. आठवडाभर भिंती रंगवणं, रजिस्टरं लिहिणं चालू होतं. ऑफिसमधून सरांना निरोप आला, खोलीतलं ते भांडं तेवढं हलवा. सरांनी उलट निरोप धाडला, "ते हललं तर मी बी हललो." सर वरवर थट्टा करत होते, पण त्या आठवड्यात त्यांनी टेपनं काहीही मोजलं नाही. चहा पिताना एकदाच म्हणाले, "मी इथं आलो तवा ह्या खोलीत झाडू ठेवायचे. परत झाडूच ठेवतीन बहुतेक." मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर, फार नाही. मी शनिवारी जाणारच होते.

साहेब गुरुवारी अकराला मोठ्या फाटकावर येणार होते. सर आणि बाकीचे सगळे हार घेऊन तिकडे गेले. ओपीडी माझ्यावर आणि शोएबवर.

साडेदहाला मागच्या दारानं, जिथं पायऱ्या नाहीत आणि उतार आहे, तिथून एक गृहस्थ आले. साठीच्या आतले, इस्त्रीचा शर्ट, लंगडत. पेशंटच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी…"

"कळलं," मी म्हटलं. "बूट काढा."

त्यांनी चकित होऊन बूट काढले. मी उलटे केले. तळ कोरे करकरीत, दुकानाची चिठ्ठीसुद्धा एका बाजूला चिकटलेली. मी शोएबकडे बघून डोळा मारला. सर तपासणीच्या दिवशीही सोडायला तयार नव्हते! ठीक आहे, म्हटलं, आज या नटाला असं तपासू की इमरती घशाखाली उतरणार नाही.

"कुठं दुखतं?"

"गुडघा. उजवा. तीन वर्षं झाली. इंजेक्शनं घेतली, पट्टा बांधतो…"

"नाव?" चाचांचा टोमणा मी विसरले नव्हते. त्यांनी नाव सांगितलं. मग बूट हातात देऊन त्यांना सरांच्या खोलीत नेलं. एस.टी.च्या पायऱ्या चढायला लावल्या, उतरायला लावल्या, परत चढायला लावल्या. टेबलावर आडवं पाडून पाय आत फिरवला, बाहेर फिरवला. पाय आत फिरवताच ते कळवळले आणि त्यांचा हात गुडघ्याकडे न जाता वर, खुब्याकडे गेला.

"काका," मी म्हटलं, "दुखतो गुडघा आणि धरता खुबा? पाठांतर कच्चं आहे."

"अं?"

"काही नाही. उकिडवं बसा." मी त्या भांड्याकडे बोट दाखवलं.

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घाम फुटला होता. "हे मला जमत नाही," ते हळूच म्हणाले.

"मग पाटावर मांडी घाला."

भिंतीला धरून ते खाली जायला लागले आणि अर्ध्यावर अडकले. मी आणि शोएबनं धरून त्यांना टेबलाजवळच्या स्टुलावर बसवलं.

"बरं, काय राहिलं तुमचं?" मी विचारलं. "या दुखण्यानं काय करायचं राहून गेलं?"

"तसं काही नाही. चाललंय."

"काहीतरी असेलच."

ते बूट हातात घेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "आई माझ्याजवळ असते. म्हातारी आहे. ती जमिनीवर बसून जेवते, आयुष्यभर तशीच जेवली. मी आधी तिच्याजवळ बसायचो. आता टेबलावर बसतो. माझ्याशी बोलायचं तर तिला मान वर करावी लागते, मान दुखते तिची. म्हणून आता ती बोलत नाही. आम्ही दोघं एका खोलीत मुक्यानं जेवतो."

मी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या. हे लिहिताना आत्ताही कान तापतात.

"वा काका! हे वाक्य सरांनीच लिहून दिलं ना? मंडळीत तुमच्यासारखं कोणी नाही. दहापैकी नऊ. एक मार्क कापला, बूट नवे घालून आलात म्हणून."

तेवढ्यात दार उघडलं. दारात सर, हातात हार, मागे डीन, मागे अख्खं ऑफिस. डीन म्हणाले, "अहो साहेब, तुम्ही इथं? आम्ही तिकडं फाटकावर!"

शोएबनं "या अल्ला" म्हटलं आणि तो चुलीवर बसला.

साहेबांनी बूट पायात घातले. डाव्या बुटाची नाडी बांधली. उजव्या बुटाची नुसती आत खोचली, कारण तिथवर त्यांचा हात पोचत नव्हता. ती नाडी आत आले तेव्हाही तशीच खोचलेली होती. मी ती पाहिली होती आणि गबाळेपणा समजून सोडून दिली होती. मी खाली बसून नाडी बांधली. त्यांनी पाय मागे घेतला नाही, एवढंच.

मग सगळे त्यांना घेऊन रजिस्टरं दाखवायला गेले. मी सरांच्या खोलीत एकटी राहिले आणि मला रडू फुटलं. शनिवारी मी हे सगळं आपल्या हातानं सोडणार होते. पण आता माझ्या टाळ्यांमुळं हे सरांचं जाणार, माझंही जाणार, हाकलून देणार, असं दिसत होतं. ज्या गोष्टीला मी चार महिने नावं ठेवली ती कुणी हिसकावून नेणार म्हटल्यावर मला ती हवी होती. असा माणसाचा स्वभाव, दुसरं काय.

तासाभरानं सर आले. मला वाटलं, आता भुवया. पण त्यांनी टेबलावर नजर फिरवली आणि विचारलं, "कागद कुठाय?"

"कसला?"

"पेशंट तपासला ना? मग केसपेपर?"

"सर, ते पेशंट नव्हते. ते साहेब होते."

"दुखतंय का त्याला?"

"हो."

"मग साहेब असू दे, नायतर मंडळीतला असू दे. लिही."

मी डोळे पुसून लिहायला बसले. नाव लिहिलं. 'काय राहिलं' या रकान्यात लिहिलं, आईजवळ बसून जेवणं. मग तपासणी लिहायला घेतली आणि पेन थांबलं. पाय आत फिरवताना दुखलं. हात खुब्यावर गेला. मी उभी राहिले.

"सर, गुडघा नाहीच. खुबा आहे. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरलंय. तीन वर्षं ते चुकीच्या सांध्याला इंजेक्शनं घेतायत!"

सर खुर्चीत मागे रेलले. "तो माणूस कोणता विषय शिकवतो, माहितीय?"

"नाही."

"शरीररचना. खुबा कुठं असतो ते तीस वर्षं पोरांना शिकवतोय." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, मी पाणी दिलं.

मी कागद पूर्ण केला. खुब्याचा एक्सरे काढा, गुडघ्याची इंजेक्शनं थांबवा, काठी डाव्या हातात धरा. आणि शेवटची ओळ: खाली बसायचा हट्ट सध्या नको. आईलाच वर घ्या. दोघं दिवाणावर पाय खाली सोडून शेजारी बसा, ताटं मध्ये. सरांनी कागद दोनदा वाचला. लाल पेन उघडलं, टोपण परत लावलं, आणि सही केली.

संध्याकाळी साहेब गाडीत बसत होते, तेव्हा मी त्यांना कागद दिला. माफी मागायची वाक्यं मी पाठ केली होती, पण पाठांतर माझंही कच्चं निघालं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. 'खुबा' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग ते सरांना म्हणाले, "एवढे डॉक्टर झाले, पण पायाला हात लावून कुणी बघितलं नव्हतं हो," आणि कागद घडी करून खिशात ठेवला. जागांबद्दल एक शब्द नाही. गाडी गेली.

शनिवारी मी अर्ज दिला नाही. मोठं काही कारण नव्हतं. मला त्या खुब्याचा एक्सरे बघायचा होता. मामानं फोनवर विचारलं, "मग पाय चेपायचंच ठरलं का?" मी हो म्हटलं.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. दोन्ही जागा ठेवल्या होत्या. खाली एकच शेरा: 'विभागप्रमुखांच्या खोलीतील शौचालय कोरडे आढळले, पाण्याची सोय करावी.' ऑफिसनं तत्परतेनं प्लंबर पाठवला. सरांनी त्याला समजावून, चहा पाजून परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात दुसरा प्लंबर आला. हा पत्रव्यवहार सर निवृत्त झाले तरी मिटला नव्हता. आणि एक्सरेही आला, सरांच्या फोनवर. खुबाच होता. सर तो फोन घेऊन खऱ्या रेडिओलॉजीत जाऊन आले, उगीच, दाखवायला.

त्यानंतर एक दिवस दुपारी सरांचा फोन वाजला. साहेबांचा नंबर. सरांनी दोन वाक्यं ऐकली आणि फोन माझ्याकडे दिला. "तुझ्यासाठी हाये."

"हॅलो," पलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "तूच का गं ती, जिनं मला दिवाणावर बसवलं?"

"हो, आजी."

"पाय लोंबकळतेत माझे. वरणात मीठ कमी हाय का जास्त तेबी कळंना, इतकं लक्ष पायाकडं जातंय. आन् हा आता शेजारी बसतोय, तर तोंडच मिटंना ह्याचं. कालिजातलं समदं सांगतोय मला. कोण कारकून, कुणाची बदली, मला काय करायचंय? तीन वर्षं गप व्हता, लई बरं व्हतं. ह्याला गप कसं करावं, त्याचं औषध सांग."

"त्याला औषध नाही, आजी."

"मंग कशाची गं डॉक्टर तू!" असं म्हणून ती हसायला लागली. मागून साहेबांचा आवाज आला, आई, ताट वाढलंय, ये. तिनं फोन कुठंतरी ठेवला, पण बंद केला नाही. वाटी ठेवल्याचा आवाज आला, दिवाण करकरला, आणि साहेबांनी कुणातरी कारकुनाची गोष्ट सुरू केली. म्हातारी मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होती.

मी फोन बंद करायला बोट नेलं. सरांनी माझं मनगट धरलं. "राहू दे," ते म्हणाले. त्यांनी फोन टेबलावर मधोमध ठेवला, आणि आम्ही दोघं ते जेवण संपेपर्यंत ऐकत बसलो.